घाट उतरून पाण्याखाली

माझे आप्पा बेळगावजवळच्या खानापुरात कौलांच्या कारखान्यात कामाला होते. त्यामुळे गोव्याच्या समुद्रात बुडालेल्या एका जहाजात कौलं सापडल्याचं वाचलं, तेव्हा ती ओळ मी पुन्हा वाचली. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सेंट जॉर्ज रीफ या पाण्याखालच्या खडकावर बुड्या मारून तो माल तपासला होता. आढ्यावर घालायची कौलं, विटा, खांबांचे नक्षीदार माथे, सगळं भाजक्या मातीचं. वर ठसा, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मंगळूरचा तो कारखाना त्याच वर्षी सुरू झाला, म्हणजे जहाज बुडालं ते त्यानंतरच. ठसा असलेलं कौल हातात आलं की आप्पा आधी ते उलटं करून बघायचे. ते असते तर मला जा म्हणाले असते.

ते जहाज संशोधनाचं. पण मुरगावच्या पुढं ग्रांदे बेटाजवळ दुसरं एक मोडकं जहाज उथळ पाण्यात पडलेलं आहे. डायव्हर मंडळी त्याला ‘सुझीज रेक’ म्हणतात आणि तिथं नवशिकेही उतरतात. मला मात्र कुणीतरी धरून खाली नेऊन फोटो काढून आणावं असं नको होतं. नीट शिकून, स्वतःच्या पायांनी फिन, म्हणजे पायात घालायचे पंख, मारत जायचं होतं. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याच्या, ‘ओपन वॉटर’ या नवशिक्यांच्या कोर्सला नाव घातलं. थोडा अभ्यास, तलावातला सराव, मग समुद्रातल्या चार बुड्या. पास झालात की १८ मीटरपर्यंत जाता येतं.

पहिली अडचण कागदावरच आली. तब्येतीच्या फॉर्ममध्ये सायनसचा प्रश्न होता. पुतण्या म्हणाला, “काका, सगळीकडं ‘नाही’ लिहून मोकळे व्हा.” आमच्याकडं जून ते सप्टेंबर निम्म्या गावाचं नाक वाहत असतं, मी कसा ‘नाही’ लिहिणार? खरं लिहिलं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन तपासून घेतलं, त्यांची सही आणली. आठ दिवस गेले, पण ते गेलेच पाहिजेत. पाण्याखाली फॉर्म कामाला येत नाही, नाक-कान येतात.

पोहण्याची परीक्षा सोपी गेली. २०० मीटर न थांबता पोहायचं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगायचं. पांगाऱ्याचा बिंडा कमरेला बांधून गावच्या विहिरीत शिकलेल्याला एवढं जमतंच. पण तीच विहीर पुढं आड आली. विहिरीत आम्ही काय शिकलो? छाती भरून घ्यायची, श्वास कोंडायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं. स्कूबात पहिला नियमच उलटा, श्वास कधीही कोंडायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं टाकीतून घेतलेला श्वास छातीत अडवून वर आलात, तर तीच हवा फुगून दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. (टाकीत ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. साधी हवाच असते, गाळून दाबून भरलेली.) हे डोक्याला कळलं होतं, छातीला कळायला तलावातले दोन दिवस गेले. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकानं बाहेर फुंकायचा धडा होता, त्यात तर मी तीन वेळा घाबरून उभा राहिलो. इन्स्ट्रक्टर गोव्याचाच पोरगा, माझ्या निम्म्या वयाचा. दर वेळी एवढंच म्हणायचा, “सवकास, काका, सवकास.” चौथ्यांदा जमलं.

खरी परीक्षा कानांनी घेतली. आमच्याकडून गोव्यात उतरणारा चोर्ला घाट उतरताना कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात, हे आपल्याकडच्या लेकरालाही ठाऊक असतं. मी हिशेब करून बघितला. खानापूर-बेळगावच्या उंचीवरून समुद्रसपाटीला येताना दाबात जेवढा फरक पडतो, तेवढा पाण्यात एक मीटर उतरायच्या आतच पडतो. म्हणून तिथं दर हातभर खोलीला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायला लागायच्या आधी. समुद्रातल्या पहिल्याच बुडीत तीन मीटरवर माझा डावा कान अडला. मी आडवा तळवा हलवून खूण केली. अर्धा मीटर वर आलो, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला. इन्स्ट्रक्टरनं अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. त्या दिवशी जोर लावला असता तर पडदा गेला असता. सर्दी अंगात होती, ती मीच अंगावर काढली होती. तसाच परत आलो आणि तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो.

दुसऱ्या खेपेला कान सुटत गेले. चित्रातल्यासारखं अख्खं जहाज कुणी मनात धरून जाऊ नये. पाणी उथळ, त्यामुळं दर पावसाळ्याच्या लाटांनी ते उकलून टाकलंय. पत्रे, फासळ्या, गंजून एकजीव झालेलं लोखंड, आणि त्यावर शिंपल्यांची खरबरीत साल. चार-पाच मीटरपलीकडं हिरवट धूर. त्या धुरातून तांबोशीचा थवा आला आणि एका पत्र्याखाली शिरला. बाजारात बर्फावर बघितलेला मासा इथं आपल्या घरात होता. मी हात छातीशी बांधून ठेवले होते. गंजका पत्रा कापतो, आणि दगड वाटावा असा विषारी काट्यांचा मासाही तिथं बसलेला असतो. शिवाय तिथलं काही उचलायचं नाही, शिंपलीसुद्धा. टाकीतल्या हवेचा दाब २०० बारवरून ७० वर आला तेव्हा निघालो. वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. श्वास एकसारखा चालू होता, हे तिथं थांबल्यावर ध्यानात आलं.

आता घाटावरच्या माणसांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. शेवटची बुडी दुपारी एकला संपली आणि पुतण्या गाडी काढून तयार, रात्री जेवायला घरी. खाली असताना दाबामुळं नायट्रोजन रक्तात-मांसात मुरतो आणि वर आल्यावरही हळूहळूच निघतो. त्याआधी उंचीवर गेलात तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखे बुडबुडे धरू शकतात, सांधे धरतात, कधी अंगही लुळं पडतं. बरेच दिवस बुड्या मारल्या किंवा दिवसात दोन झाल्या, तर विमानात बसायला निदान १८ तास थांबा असं सांगतात, आणि तो सल्ला ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून आहे. “घाट म्हणजे विमान हाय काय?” पुतण्या म्हणाला. पण बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि चोर्ला तर तासाभरात वर नेतो. किनाऱ्यावरच्या लोकांना हा प्रश्न पडत नाही, म्हणून तो कुणी आपल्याला आपणहून सांगत नाही. मी इन्स्ट्रक्टरला विचारलं, तो लगेच म्हणाला, राहा. वास्कोत एक खोली घेतली. पुतण्या रात्रभर फुगून होता.

सकाळी नऊला निघालो. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाशी, चहाला थांबलो तेव्हा शेवटच्या बुडीला बावीस तास झाले होते. वाटेतल्या एका वळणावर डावा कान नेहमीसारखा अडला आणि आवंढा गिळल्यावर सुटला. पुतण्यानं चहाचा ग्लास ठेवत विचारलं, “काका, पोहायला येत नसलं तर घेतात काय त्या कोर्सला?”