आमची वाटचाल: पॉइंटच्या भावापासून लोडशीटपर्यंत

कोल्हापुरात वायरिंगचं काम घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मिस्त्री, पॉइंटला किती?" पंख्याचा पॉइंट, ट्यूबचा पॉइंट, 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट. भाव ठरला की झिरी मारायला सुरुवात. मी आणि एक हेल्पर, एक हातोडा-छिन्नी, टेस्ट लॅम्प आणि उसना आणलेला मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), एवढ्यावर आमची फर्म उभी राहिली. वायरमनचा परवाना माझ्याकडे होता, काँट्रॅक्टरचं लायसन नव्हतं. त्यामुळे मीटरसाठी लागणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर सही घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागे. पहिल्या काही वर्षांबद्दल एवढंच पुरे.

घरच्या वर्कशॉपची कामं आमच्याकडे आली ती उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागामुळे. तिथे उभं आयुष्य लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) काढलेला माणूस निवृत्त झाला तरी त्याचे हात गप्प बसत नाहीत. जुना लेथ स्वस्तात उचलायचा, बंगल्याच्या पार्किंगमध्ये किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडायचा, शेजारी बेंच ग्राइंडर, ड्रिल आणि छोटा कॉम्प्रेसर. गाडी मग रस्त्यावर. अशाच एका अण्णांचं काम आम्ही घेतलं, आणि त्या कामाने आमचा धंदा बदलला.

मीटर घराच्या पुढच्या भिंतीला, शेड मागे. वायरची लांबी 40 मीटर. लेथला 2 एचपीची सिंगल फेज मोटार. मी नेहमीच्या सवयीने 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवला, पॉइंट मोजून बिल दिलं. आठ दिवसांत अण्णांचा निरोप आला, "चालू करताना ट्रिप होतंय." माझ्या हाताखालच्या पोराने जाऊन 16 चा काढून 32 चा एमसीबी बसवला. मला सांगितलं, मी ऐकलं आणि गप्प बसलो. ट्रिपिंग थांबलं. महिन्याभरात मोटार जळाली.

त्या रात्री पहिल्यांदा कागद घेऊन हिशेब मांडला. 2.5 च्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण 7.4 ओहम. जाऊन-येऊन 80 मीटर म्हणजे 0.6 ओहमच्या आसपास. मोटार चालू लोडला 10-12 अँपिअर घेते, पण सुटताना (चालू होताना) त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे 60 च्या घरात. वायरमध्येच 35 व्होल्ट गेले. संध्याकाळी त्या गल्लीत मीटरवरच 205 मिळायचे. मोटारीच्या वाट्याला आले 170. आणि मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे 230 ला असतो त्याच्या जेमतेम निम्मा. लेथ सुटतच नव्हता, नुसता गुरगुरत होता, आणि आम्ही मात्र त्याला ओरडू न देणारा एमसीबी बसवून आलो होतो. 2.5 च्या वायरवर 32 चा एमसीबी! आज नवीन पोराने असं केलं तर मी त्याला घरी पाठवीन. तेव्हा केलं होतं ते मीच चालवून घेतलं.

मोटारीचं रिवाइंडिंग आणि 6 चौरस मिलिमीटरची नवी वायर, दोन्ही आमच्या खर्चाने. वायर बदलायला गेलो तेव्हा मी घाबरून अण्णांच्या सगळ्या यंत्रांची बेरीज करत होतो. लेथ 2 एचपी, कॉम्प्रेसर 2 एचपी, ग्राइंडर, ड्रिल, हॅक-सॉ, शिवाय वेल्डिंग मशीन. थ्री फेज मीटरच घ्यावं लागणार, असं बोलून गेलो. अण्णा हसले. "अरे बाबा, मला हात दोनच हायेत. लेथवर उभा राहिलो की ग्राइंडर कोण चालवणार?"

आमचं लोडशीट, म्हणजे काम घेण्याआधी विजेचा भार मांडायचा कागद, त्या वाक्यातून निघालं. घरच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं मोजायची नाहीत, माणसं मोजायची. एका माणसाचं सगळ्यात मोठं यंत्र, त्यात आपोआप चालू होणारी यंत्रं (कॉम्प्रेसरला प्रेशर स्विच असतो, तो अण्णांना विचारून चालू होत नाही), आणि दिवे-पंखा. वेल्डिंग वेगळं धरायचं, कारण ते चालू असताना शेजारचा टीव्हीसुद्धा मिचमिचतो. या हिशेबाने अण्णांचं काम सिंगल फेजमध्ये बसलं, फक्त महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला. उलट काही ठिकाणी आम्ही थ्री फेज घ्याच म्हणून अडून बसतो. बाप-लेक दोघं काम करणार असतील तर हात चार होतात.

मध्यंतरी व्हीएफडीची, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हची, टूम आली. सिंगल फेजवर थ्री फेज मोटार चालवायची सोय छान आहे, पण आपल्याकडच्या छोट्या मोटारी बहुधा आतून स्टारमध्ये बांधलेल्या आणि बाहेर तीनच टोकं (स्टार आणि डेल्टा या मोटारीची वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). 230 ला चालवायची तर मोटार उघडून सहा टोकं बाहेर काढून डेल्टा करावी लागते. हे न सांगता ड्राइव्ह विकणारे भेटतात, मग ग्राहक आमच्याकडे येतो. काही ड्राइव्हच्या करंट गळतीने 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) उगीच पडतो. तो काढून टाका असं सांगणारे ग्राहक आहेत. आम्ही काढत नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी. ड्राइव्हला वेगळी लाइन आणि वेगळा आरसीसीबी देतो.

लाइटिंगकडे आम्हीही आधी दुर्लक्षच केलं. चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. लेथवर जॉब पकडणारा चार जबड्यांचा चक मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर तो त्या उजेडात थांबल्यासारखा दिसू शकतो. फिरता चक थांबलेला वाटून हात पुढे गेला तर काय होईल, ते सांगायला नको. आता लेथवर न लुकलुकणारा चांगला एलईडी, आणि तो यंत्रांच्या सर्किटवर नाही. यंत्राचा एमसीबी पडला म्हणून अंधार होता कामा नये.

2019 च्या पुराने लोडशीटमध्ये आणखी एक रकाना वाढवला. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 50 च्या वर गेलं, 2021 ला पुन्हा. पार्किंगमधलं वर्कशॉप म्हणजे सगळं तळमजल्यावर. कितीतरी डीबी (एमसीबी बसवायच्या पेट्या) आम्ही चिखलातून काढले. आता नदीकडच्या भागात पहिल्यांदा विचारतो, "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" घरवाले भिंतीवरची खूण दाखवतात. डीबी तिच्या वर, नाहीतर थेट जिन्याच्या लँडिंगला.

वीजदराच्या बाबतीत ग्राहकांशी वाद होतात ते वेगळेच. छंद म्हणून काम असेल तर घरगुती मीटर ठीक. पण बाहेरचं जॉबवर्क सुरू केलं की 2003 च्या वीज कायद्याचं अनधिकृत वापराबद्दलचं कलम 126 दारात उभं राहतं, दुप्पट दराने आकारणी होते. मात्र वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्याला महिना 300 आणि वर्षाला 3600 युनिटच्या आत घरगुती दराची सोय आम्ही वाचली, आणि हुपरीकडच्या चांदी-कारागिरांच्या घरच्या पॉलिशिंग मोटारींची कामं करताना ती उपयोगी पडली. नवा दर आदेश निघाला की ते पान मी स्वतः आधी बघतो.

आज आम्ही नऊ जण आहोत, लायसन आमचं आहे, मेगर दोन आहेत. पॉइंटचा भाव अजून विचारतात. आम्ही आधी लोडशीट पुढे करतो, पहिली ओळ, "एका वेळी किती माणसं काम करणार?" लोक आधी गोंधळतात. अण्णांनी आमच्या नव्या ऑफिससाठी पितळेचा एक ओळंबा त्याच लेथवर कातून दिला. पोरं तो डीबी सरळ लावायला वापरतात, आणि दर वेळी कुठेतरी विसरून येतात.