असल्फ्याच्या चढासाठी हब मोटर निवडताना

सायकलला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर, लावतोय म्हटलं की समोरचा पहिल्यांदा ‘किती वॉट?’ असंच विचारतो. मी हिशेब चढापासून सुरू केला. माझं घर मुंबईत असल्फ्याच्या टेकडीवर आणि ऑफिस अंधेरीला, त्यामुळे सकाळी उतार आणि संध्याकाळी दमलेल्या पायांनी चढ.

मी, सायकल, बॅटरी आणि डब्याची पिशवी मिळून साधारण १०० किलो. सहा टक्के चढावर हे वजन सुमारे ५९ न्यूटनने मागे खेचतं. टायरचं घर्षण धरून ७० म्हणू. २६ इंची चाकाची त्रिज्या ३३ सेंटीमीटर, म्हणजे चाकाला २३ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) हवा. ताशी १५ किलोमीटरने चढायचं तर २९० वॉट लागतात, त्यातले शंभरेक माझे पाय देतात. उरलेल्यासाठी हजार वॉटची मोटर कशाला? शिवाय नोंदणी आणि लायसन्स नको असेल, तर मोटरची तीस मिनिटांची शक्ती (ती सलग अर्धा तास देऊ शकते तेवढी) २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. मोठी किट तिथेच बाद झाली.

मग प्रश्न उरला गिअर्ड हब की डायरेक्ट ड्राइव्ह. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर चाक थेट फिरवते, त्यामुळे झिजणारे गिअर नाहीत, ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत जाते. पण ती जड असते आणि मोटर बंद असताना पायडल मारलं की चुंबकांचा अडसर जाणवतो. गिअर्ड हबमध्ये मोटर आत जोरात फिरते आणि प्लॅनेटरी गिअर तो वेग उतरवून टॉर्क वाढवतात. आतल्या क्लचमुळे बॅटरी संपली तरी ती साध्या सायकलसारखी चालते. सिग्नलगणिक थांबून पुन्हा निघायचं असल्यामुळे मी हीच घेतली, मागच्या चाकासाठी. पुढच्या अ‍ॅल्युमिनियम फोर्कवर मोटरचा पीळ सोडायला माझं मन धजलं नाही.

कंट्रोलरवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि प्रत्येकाने घालवावा असं मला मनापासून वाटतं. मोटरवर छापलेले वॉट काहीही असोत, बॅटरीतून किती करंट ओढायचा ते कंट्रोलर ठरवतो. ३६ व्होल्टवर १५ अँपिअर म्हणजे ५४० वॉट आत जातात; चढावर क्षणभर ठीक, पण सतत दिले तर छोट्या हबच्या नायलॉन गिअरचे हाल. बॅटरीचा बीएमएस (तिला सांभाळणारं आतलं सर्किट) २० अँपिअर सतत देणारा होता, म्हणून १५ चा कंट्रोलर त्याच्या आत बसला. उलट असतं, तर ऐन चढावर बीएमएसने वीज तोडली असती. लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की कंट्रोलर ज्या व्होल्टेजला वीज थांबवतो तो आकडाही, बॅटरीला जुळणारा हवा. कंट्रोलर साइन वेव्ह प्रकारचा घेतला, म्हणजे मोटरला वीज गुळगुळीत लाटेसारखी देणारा. सुरुवातीचा झटका आणि घुंईऽऽ आवाज दोन्ही कमी.

मोटरला वीज देणाऱ्या फेज वायर जोडण्याआधी हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे) कंट्रोलरचे पाच व्होल्ट देऊन मल्टिमीटरने तपासले. गिअर्ड हबमध्ये चाक उलटं फिरवावं लागतं, कारण सरळ फिरवलं की क्लच सुटतो आणि मोटर जागची हलत नाही. काळी वायर आणि प्रत्येक सिग्नल वायर यांच्यामध्ये रीडिंग शून्य आणि पाच व्होल्टच्या आसपास उड्या मारत असेल तर सेन्सर ठीक. पहिली चाचणी चाक अधांतरी ठेवून. फेज आणि हॉलची जोडी चुकली असेल तर मोटर थरथरते आणि रिकाम्या चाकावरही भरपूर करंट खाते. रंग जुळले म्हणजे काम झालं असं धरू नका.

टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू नये म्हणून फ्रेमला अडकवायची पट्टी, न विसरता लावला. त्याशिवाय आस खाचेत फिरला, तर वायर पिळवटून तुटते आणि चाकही निसटू शकतं.

राहिला पाऊस. आसाजवळ वायर जिथून बाहेर येते, तिथूनच पाणी आत शिरतं. ती खालच्या बाजूला ठेवून वर वळवताना एक झोळ दिला, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतात. कंट्रोलर सीटखाली, हवा लागेल असा. २६ इंची चाकाचा आस जमिनीपासून फूटभरच वर असतो. त्यामुळे रस्त्यावर गुडघाभर पाणी दिसलं की मी दुसरा रस्ता धरतो.