शहाबादी फरशी, आम्ल आणि घड्याळ

अभिक्रियेच्या दरावर परिणाम करणारे पाच घटक दहावीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल: अभिक्रियाकारकांचं स्वरूप, कणांचा आकार, संहती (द्रावणात पदार्थ किती दाट आहे ते), तापमान, उत्प्रेरक (स्वतः न संपता वेग वाढवणारा पदार्थ). प्रयोगाच्या टेबलाशी आलं की मात्र हे पाचही जण हट्टी होतात. पूड टाकली तरी फेस मंद, तापवलं तरी वेग दुप्पट होत नाही, ॲल्युमिनिअम नुसतं पडून राहतं. मग वहीत पुस्तकातलं उत्तर उतरवलं जातं आणि शंकुपात्र धुतलं जातं. तसं करू नका. प्रयोग जिथे बिघडतो तिथेच बघण्यासारखं रसायन असतं.

आधी फरशी, म्हणजे तिच्या तुकड्यांवर आम्ल घालून सुटणारा कार्बन डायऑक्साइड मोजण्याचा प्रयोग. शहाबादी म्हणजे चुनखडक, मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. हल्ली घरोघरी व्हिट्रिफाइड टाइल असते. तिचा तुकडा आणला तर आम्लात बुडबुडासुद्धा येणार नाही. ग्रॅनाइटचंही तेच. ओट्याचा काळा कडप्पा आणि कोटा मात्र चालतात, तेही चुनखडकच. (बाथरूम धुवायचं ॲसिड शहाबादीवर किंवा कडप्प्यावर ओतल्यावर फरशी खरबरीत होते ती याच अभिक्रियेमुळे.) संगमरवर चालतो, पण त्यात डोलोमाइट (कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचं कार्बोनेट) असेल तर थंड विरल आम्लात तो फार मंद फसफसतो. शंका असेल तर आधी एक थेंब टाकून बघा.

आम्ल हायड्रोक्लोरिकच घ्या. सल्फ्युरिक घेतलं की सुरुवातीला जोरात फेस येतो आणि मिनिटाभरात सगळं थंडावतं, कारण तुकड्यावर कॅल्शिअम सल्फेटचा थर बसतो. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे आम्ल दगडापर्यंत पोचतच नाही. प्रयोगशाळेतलं संहत हायड्रोक्लोरिक साधारण ३५ टक्क्यांचं, म्हणजे ११ मोलरच्या (लिटरमागे ११ मोल) थोडं वर असतं. १ मोलरचं २५० मिली द्रावण करायला २०० मिली पाण्यात २२ मिली संहत आम्ल हळूहळू ओता आणि मग पाण्याने २५० मिलीपर्यंत भरा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. चष्मा हवाच.

‘फेस जोरात आला’ हे मोजमाप नव्हे. २५० मिलीचं शंकुपात्र ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. पात्र आणि द्रावण मिळून दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणून काटा ५०० ग्रॅम क्षमतेचा लागतो. पात्रात ५० मिली १ मोलर आम्ल घाला, ५ ग्रॅम तुकडे सोडा, तोंडाला कापसाचा सैल बोळा लावा आणि दर ३० सेकंदांनी वजन टिपा. कापूस उडणारे तुषार अडवतो आणि वायूला जाऊ देतो. घट्ट बूच लावलंत तर वायू बाहेर पडणार नाही, काटा हलणार नाही आणि बूच मात्र उडेल.

५ ग्रॅमच का, तर ५० मिली आम्लाला फक्त २.५ ग्रॅम कार्बोनेट पुरतं. दगड मुद्दाम जास्त ठेवला, की आम्ल आधी संपतं. शहाबादीत माती आणि सिलिका असते आणि ती तळाशी करड्या गाळासारखी उरते. दगड आधी संपू दिला तर प्रत्येक तुकड्याच्या शुद्धतेप्रमाणे शेवटचा आकडा बदलेल. आम्ल आधी संपलं तर तुकडे घ्या नाहीतर पूड, शेवटची घट सारखीच: सुमारे १.१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. आकडा थोडा कमी येईल, कारण ५० मिली पाण्यात ०.०७ ग्रॅमच्या आसपास हा वायू विरघळून राहतो. सुरुवातीचं वजन जरा रेंगाळतं तेही त्यामुळेच.

आता आकार. एक सेंटिमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. त्याचे एक मिलिमीटरचे हजार घन केले तर तेवढ्याच दगडाचं ६० चौ. सेंमी, आणि दशांश मिलिमीटरपर्यंत कुटला तर ६००. म्हणून मैद्यासारखी पूड घेऊन हा प्रयोग मोजता येत नाही. ५० मिली आम्लातून जवळजवळ ६०० मिली वायू निघतो. तो काही सेकंदांत आला की फेस पात्राच्या गळ्यातून बाहेर येतो आणि काट्यावर सांडतो. चाळणी लावून तीन प्रती करा: सेंटिमीटरभराचे तुकडे, हरभऱ्याच्या डाळीएवढे आणि रव्याएवढे. तिन्ही पाण्याने धुऊन वाळवा. न धुतलेल्या मोठ्या तुकड्यांना कुटताना उडालेली धूळ चिकटलेली असते; पहिल्या अर्ध्या मिनिटाचा सगळा फेस त्या धुळीचा असतो आणि मोठे तुकडे उगाच जलद वाटतात. रव्याची उलटी अडचण: तो तळाशी थर करून बसतो आणि वरचेच कण आम्लाला भेटतात. पात्र प्रत्येक वेळी सारखंच हलवत राहा.

संहती तपासताना हमखास होणारी चूक म्हणजे ५० मिलीऐवजी १०० मिली आम्ल ओतणं आणि ‘दुप्पट आम्ल’ असं लिहिणं. संहती तेवढीच राहिली, म्हणून सुरुवातीचा वेगही तेवढाच. फक्त अभिक्रिया जास्त वेळ चालेल आणि वायू दुप्पट मिळेल. दुप्पट संहती म्हणजे त्याच ५० मिलीत दुप्पट आम्ल. ०.५, १ आणि २ मोलर घ्या. शेवटची घट तिन्हींची वेगळी येणार, म्हणून तुलना फक्त पहिल्या मिनिटाच्या उताराची करा. २ मोलरच्या वर जाऊ नका. तुषार आणि उष्णता यांमुळे वजनावर भरवसा राहत नाही.

तापमानाशी मात्र घोडं पेंड खातं. ‘१० अंश वाढले की दर साधारण दुप्पट’ हा ठोकताळा घेऊन फरशीचा प्रयोग ३० आणि ४० अंशांना केला तर वेग वाढतो, पण दुप्पट होत नाही. तीव्र आम्लात चुनखडकाच्या पृष्ठभागावर अभिक्रिया इतकी झटपट होते, की हायड्रोजन आयन तिथे पोचले की संपलेच. मग वेग ठरतो तो दगडाला लगटून असलेल्या पातळ थरातून नवे आयन किती लवकर पोचतात यावर, आणि त्या प्रवासावर तापमानाचा परिणाम माफक असतो. पडताळा सोपा आहे: एक पात्र स्थिर ठेवा, दुसरं सतत फिरवा. तापमान तेच असूनही फिरवलेल्याचा वेग वाढतो. शिवाय गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, त्यामुळे काट्यावर दिसणारा फरकही थोडा फुगलेला असतो.

तापमानासाठी सोडिअम थायोसल्फेट आणा, म्हणजे फोटोवाल्यांचा जुना हायपो. १० ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून २५० मिली करा. कागदावर काळी फुली काढून तिच्यावर शंकुपात्र ठेवा. १० मिली हायपो, ४० मिली पाणी आणि त्यात ५ मिली २ मोलर हायड्रोक्लोरिक. आम्ल पडल्याक्षणी घड्याळ सुरू. गंधक सुटू लागतं, द्रावण दुधाळ होतं आणि वरून पाहताना फुली दिसेनाशी होते, तो क्षण टिपा. हायपो पातळ घेण्याचं कारण असं: ५० अंशांना वेळ दहा सेकंदांवर आला तर बोटाची एका सेकंदाची चूकही दहा टक्के होते.

२०, ३०, ४० आणि ५० अंशांना करा. आपल्याकडे २० साठी बर्फाचं पाणी लागेल. हायपो तापवून त्यात थंड आम्ल ओतलं की मिश्रण एक-दोन अंश उतरतं, म्हणून तापमान आम्ल घातल्यावर आणि फुली जाताना असं दोनदा घ्या आणि सरासरी लिहा. पात्र एकच वापरा. रुंद पात्रात द्रव उथळ राहतो, फुली उशिरा जाते आणि दोष तापमानाला मिळतो. बघणाराही एकच हवा. ५५ अंशांच्या वर नको, कारण सल्फर डायऑक्साइड सुटतो. खिडकी उघडी ठेवा, दम्याच्या मुलाला लांब बसवा आणि वेळ टिपला की द्रावण लगेच भरपूर पाण्यासोबत ओतून पात्र धुवा. रात्रभर राहिलं तर काचेवर गंधकाचा थर धरतो.

इथे मात्र वेळ प्रत्येक १० अंशांना जवळजवळ निम्मा होत जातो. ‘रेणू जोरात धावतात, जास्त आदळतात’ हे स्पष्टीकरण अपुरं आहे. ३० वरून ४० अंशांवर गेल्याने टकरी दोन टक्क्यांनीसुद्धा वाढत नाहीत. वाढतं ते सक्रियण ऊर्जेचा उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेल्या रेणूंचं प्रमाण, आणि ते दुपटीच्या आसपास वाढतं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनिअसने १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र हेच सांगतं. उंबरठा मोलला ५० किलोज्यूलच्या जवळपास असेल तेव्हाच दुपटीचा ठोकताळा बसतो; सगळ्या अभिक्रियांना तो लावणं ही निव्वळ सवय आहे.

ॲल्युमिनिअम आणि जस्त यांची शर्यत बहुतेक वर्गांत उलटी लागते. ॲल्युमिनिअम जास्त क्रियाशील, पण त्यावर ऑक्साइडचं कवच असतं. विरल आम्लात ते बराच वेळ स्वस्थ पडून राहतं आणि जस्त बुडबुडे सोडत पुढे जातं. मग कवच फुटतं, अभिक्रियेच्याच उष्णतेने द्रावण तापतं, वेग आणखी वाढतो आणि सगळं उतू जातं. त्यात ॲल्युमिनिअमची फॉइल आणि जस्ताचे खडे घेतले तर पृष्ठफळही वेगळं. दोन्हींच्या ५ बाय १ सेंमीच्या पट्ट्या घ्या, पॉलिश पेपरने घासा, परीक्षानळी अर्ध्याहून कमी भरा आणि वेळ पहिल्या बुडबुड्यापासून नाही, अखंड धार लागल्यापासून मोजा. जवळपास ज्योत नको, दोन्हींतून हायड्रोजनच निघतो.

उत्प्रेरकासाठी पोटॅशिअम क्लोरेट तापवण्याचा प्रयोग मी तरी सुचवणार नाही. मँगनीज डायऑक्साइड समजून कोळशाची पूड मिसळली गेली तर स्फोट होतो, आणि दोन्ही पुडी काळ्याच. औषधाच्या दुकानातलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरेसं आहे. ते ‘२० व्हॉल्यूम’ असतं, म्हणजे १ मिलीतून २० मिली ऑक्सिजन. ५ मिली पेरॉक्साइड ४५ मिली पाण्यात घालून ०.१ ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड टाका आणि वायू पाण्यावर उलट्या धरलेल्या मोजपात्रात गोळा करा. ०.२ ग्रॅम टाकलं तर आलेख अधिक उभा चढतो, पण थांबतो त्याच १०० मिलीपाशी. कच्च्या बटाट्याची फोडही हेच काम करते, उकडलेली करत नाही, कारण तिच्यातलं विकर (एन्झाइम) उष्णतेने निकामी झालेलं असतं. १०० मिलीच्या जागी ६० च मिळाले तर बाटली जुनी आहे.

उरलेलं पेरॉक्साइड बाटलीत परत ओतू नका. मँगनीजचा एक कण आत गेला तरी तो संपत नाही. घट्ट झाकणाखाली ऑक्सिजन काढत राहतो आणि बाटली फुगते.