मागाच्या खोलीतली ट्युशन – आमची वाटचाल

पालक नेहमी विचारतात, टीचर तुमचा बोर्ड नाही, चौकात फ्लेक्स नाही, तरी तुमची माणसं वडगाव, शहापूरपासून टिळकवाडी, अनगोळपर्यंत शिकवायला जातात ते कसं काय. दरवेळी उभ्या उभ्या सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. लांबलंय, सवडीनं वाचा.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत. सासऱ्यांचे दोन पॉवरलूम होते. सुताचा दर वाढला, साडीला भाव मिळेना, २०११ ला एक माग विकला आणि ती खोली रिकामी झाली. फरशीतनं मागाचे बोल्ट वर आलेले तसेच राहिले, त्यावर चटई टाकली तरी पोरांच्या पायाला लागायचे. शेजारचे माग चालूच, त्यामुळे आमच्या ट्युशनची पोरं अजून पण जरा मोठ्यानंच बोलतात, नवीन सर आले की त्यांना वाटतं भांडण चाललंय.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं आणि पहिले तीन महिने वर्गात काय चाललंय तेच कळेना. काटकोन त्रिकोणातला कर्ण मला चांगला माहीत होता, पण हायपोटेन्यूज म्हणजे तोच कर्ण हे कोणी सांगितलंच नाही, मला वाटलं हा काहीतरी नवीन प्रकार आहे. रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन हे कळायला दिवाळी उजाडली. कशीबशी बीएस्सी झाले, लग्न होऊन इकडे आले, आणि रिकामी खोली बघून सासूबाईच म्हणाल्या, "गल्लीतली पोरं बसव की चार, नुसती उंडगतात." पहिल्या महिन्यात खरंच चारच आली. महिन्याचे दीडशे रुपये. त्यातल्या दोघांनी दिले.

त्या चारातला एक चौथीतला होता. त्रेपन्न लिही म्हटलं की ३५ लिहायचा. शाळेत मार खाल्लेला, घरी मार खाल्लेला, आई म्हणाली ह्याच्या डोक्यातच काय नाही. मी पण पहिले आठ दिवस दहा दहा वेळा लिहायला लावून बघितलं, व्यर्थ. मग एका संध्याकाळी तो बाहेर क्रिकेट खेळत होता, आमच्या गल्लीत निम्मी पोरं कन्नड बोलणारी, आणि रन मोजायचं काम ह्याच्याकडे. "ऐवत्तोंदु, ऐवत्तेरडु, ऐवत्तमूरु" भडाभडा म्हणत होता. मी आत बोलवून म्हटलं ऐवत्तमूरु लिही बघू, त्यानं सरळ ५३ लिहिलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मराठीत आपण 'त्रे' आधी म्हणतो आणि 'पन्न' नंतर, पोरगं ऐकेल तसं लिहीत होतं, आधी तीन मग पाच. कन्नडमध्ये पन्नास आधी येतं आणि तीन नंतर. म्हणजे पोरगं बरोबर होतं, फक्त मराठी अंक उलटे बोलतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आठवड्यात सुटलं सगळं, एकोणतीस-एकोणचाळीस सोडून, ते सुटायला महिना लागला. (पुढं २०१९ ला महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं आलं आणि तिकडे केवढा दंगा झाला, तेव्हा आमच्या घरात जेवताना हाच विषय आणि हसून हसून पुरेवाट.)

त्या दिवशी आपण फार मोठं काय केलंय असं मला वाटलं नव्हतं. आता वाटतं, आमचा धंदा त्या ५३ वरच उभा आहे.

पुढची चार-पाच वर्षं पोरं वाढत गेली, चाळीस झाली, एकटीनं होईना. लोक म्हणायला लागले घरी येऊन शिकवणारं कोणी द्या की. तेव्हा मी पहिल्यांदा माणसं ठेवली आणि तिथंच आपटले. मला वाटलं जेवढी डिग्री मोठी तेवढे सर चांगले. एक इंजिनिअर मिळाला, कॉलेजात पहिला आलेला, गणित म्हणजे पाणी. पोरं खूश, पालक खूश, तासाला बारा-बारा गणितं. आणि चाचणीत सगळी नापास. मला कळेना. मग सगळ्यांच्या वह्या मागवल्या आणि घेऊन बसले, तर काय सुंदर वह्या, एक खाडाखोड नाही, प्रत्येक स्टेप जागेवर, आणि अक्षर सगळं सरांचं. पोरगं अडलं की सर पेन घ्यायचे आणि सोडवून द्यायचे, पोरगं "हां सर, कळलं" म्हणायचं. कळलं होतं पण. सर सोडवताना बघून कोणाला पण कळतं.

सरांचा दोष नाही, त्यांना कधी काय अडलेलंच नव्हतं, त्यामुळे अडतं कुठं हे त्यांना दिसायचं नाही. ते पुढं पुण्याला नोकरीला गेले, आजही दिवाळीला फोन करतात. पण तेव्हापासून नियम झाला, पोराच्या वहीत शिकवणाऱ्यानं पेन लावायचा नाही. पाहिजे तर वेगळ्या कागदावर दाखवा आणि तो कागद फाडून टाका. सुरुवातीला सगळ्यांना हे विचित्र वाटतं. दोन बायका ह्याच्यावरून सोडून गेल्या. जाताना एकीनं सहा पोरं पण नेली, ते जाऊदे.

मग लॉकडाऊन. २०२० च्या मार्चला खोली बंद झाली, घराघरात एक फोन, तो पण वडील कामावरून आल्यावर मिळायचा. व्हिडिओवर शिकवायचं म्हणजे नेट नाही, आवाज नाही, आणि मागं कोणाची तरी कुकरची शिट्टी. शेवटी आम्ही सांगितलं, शिकवणं राहूदे, तुम्ही गणितं सोडवा आणि वहीचा फोटो पाठवा, पण कच्च्या पानाचा पण. रात्री दहाला शंभर-शंभर फोटो यायचे. आणि खरं सांगते, दहा वर्षांत जे दिसलं नव्हतं ते त्या फोटोंत दिसलं. समोर बसलेलं पोरगं खोडरबरानं खोडून टाकतं, कच्चं पान फाडतं, आपल्याला फक्त चुकलेलं उत्तर दिसतं. फोटोत ते पान तसंच. कुठं थांबलं, काय लिहून खोडलं, कुठून अंदाजपंचे सुरू झालं, सगळं. नववीच्या एका मुलीची समीकरणं सगळी चुकायची, कच्च्या पानावर कोपऱ्यात बारीक लिहिलेलं, १/२ अधिक १/३ बरोबर २/५. अडचण समीकरणाची नव्हतीच, पाचवीतल्या अपूर्णांकाची होती. चार वर्षं ती पोर ते ओझं घेऊन फिरत होती आणि प्रत्येक वर्षी नवीन सर तिला नवीन चॅप्टर शिकवत होते. त्या वेळची दहावीची बॅच तर विचारू नका, २०२१ ला १९ आणि २२ जुलै असे दोनच दिवस पेपर, सगळं पर्याय निवडायचं, ओएमआरवर, म्हणजे मशीननं तपासायच्या उत्तरपत्रिकेवर, गोल काळे करायची प्रॅक्टिस आम्ही ज्वारीचे दाणे ठेवून करून घेतली.

तेव्हापासून शिकवायला माणूस घेताना मी डिग्री बघते, नाही असं नाही, पण त्याआधी एक पान पुढं ठेवते. तिसरीतल्या एका पोराचं जुनं पान आहे, त्याच्या आईला विचारून ठेवून घेतलंय. त्यात अशी वजाबाकी आहे: ८६ वजा २४ बरोबर ६२, ५२ वजा ३८ बरोबर २६, ४०३ वजा १५७ बरोबर ३५४. विचारते, काय वाटतं? दहातले सात-आठ जण लाल पेन मागतात. दोन चूक एक बरोबर, पोरगं दुर्लक्ष करतंय, पाढे कच्चे आहेत, प्रॅक्टिस पाहिजे असं सांगतात. एमएस्सी बीएड माणसं पण. आणि एखादाच गप्प बसतो, परत बघतो आणि म्हणतो, ह्यानं एकदा पण चूक केलेली नाही, हा प्रत्येक ठिकाणी मोठ्यातनं लहान वजा करतोय, वर कुठलं खाली कुठलं बघतच नाही. दोनातनं आठ जात नाहीत ना, म्हणून आठातनं दोन काढले, सहा. हातचा त्याला लागतच नाही. असं म्हणणारा माणूस बारावी पास असला तरी मी घेते. पन्नास गणितं प्रॅक्टिसला दिली तर हे पोरगं पन्नास वेळा तेच पक्कं करेल ना.

कन्नडचं पण सांगायला पाहिजे, कारण इथं खरी बोंब तिथंच आहे. मराठी मीडियमच्या बऱ्याच पोरांना कन्नड तिसरी भाषा, ८० लेखी आणि २० शाळेचे. बाकी सगळ्यात पास आणि कन्नडमध्ये गचका, अशी पोरं दरवर्षी येतात. एक काका आले होते, म्हणाले, "टीचर, आम्ही मराठी माणसं, कन्नड कशाला एवढं शिकवायलाय?" मी म्हटलं, काका, सीमाप्रश्न तुम्ही बघा, मला ह्याचा पेपर बघायचाय. हसले आणि फी भरून गेले.

आमच्याकडे कन्नडला ज्या अक्का आहेत त्या मूळच्या धारवाडकडच्या, घरी कन्नड, पण तीस वर्षं शहापुरात राहून मराठी आमच्यापेक्षा फर्डी. त्या बाराखडीपासून सुरू करत नाहीत. पोरांना घेऊन सरळ सीबीटीला, म्हणजे मोठ्या बसस्टँडला, जातात आणि बसचे बोर्ड वाचायला लावतात. गावांची नावं पोरांना पाठ असतात, उचगाव, हिंडलगा, येळ्ळूर, मग अक्षर आपोआप ओळखीचं होतं. आणि आपल्या पोरांची ठरलेली चूक काय, तर कन्नडमध्ये ए आणि ओ ह्रस्व वेगळे, दीर्घ वेगळे, मराठीत तसला प्रकारच नाही, म्हणून कानाला फरक कळत नाही. अक्का सांगतात, बेळगावीतला 'बे' तोकडा आणि 'बेकु'तला 'बे' लांब, म्हणून बघ. कोडु आखूड म्हटलं तर 'दे', लांबवलं तर 'शिंग'. "दुकानात जाऊन शिंग मागशील बघ" असं म्हटलं की अख्खी बॅच हसते आणि ती चूक परत होत नाही. कन्नड मातृभाषा असलेली दुसरी एक बाई पण होती, उच्चार जास्त शुद्ध, पण तिला ही चूक का होते तेच कळायचं नाही, नुसती "अय्यो, इष्टू गोत्तिल्ला?" (एवढं पण माहीत नाही?) करायची. पोरं तिच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून घरी बसायची.

गॅरंटीचं एक. ९० टक्क्यांची गॅरंटी द्या म्हणणारे पालक दर मे महिन्यात येतात, ६२५ पैकी ५६३ म्हणजे किती होतात ते पण त्यांना पाठ असतं. मी पण एका वर्षी, स्पर्धा वाढली म्हणून, पॅम्प्लेटवर 'हमखास यश' छापलं होतं, त्याची अजून लाज वाटते. आता तर जानेवारी २०२४ पासून केंद्राच्या गाइडलाइनमध्येच आलंय की कोचिंगवाल्यांनी मार्कांची हमी द्यायची नाही. त्याच वर्षी दहावीच्या हॉलमध्ये वेबकास्टिंग आलं, म्हणजे कॅमेऱ्यातनं थेट नजर, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ वरून ७३.४० टक्क्यांवर आला, आणि आमच्या दारात चपला मावेनात. सगळ्यांना जूनच्या परीक्षा-२ ला, म्हणजे परत द्यायच्या पेपरला, बसवायचं होतं. एका वडिलांना मी स्पष्ट सांगितलं, पाच आठवड्यांत हा पास होईल, पण गणित येणार नाही, पीयूसीला कॉमर्स-सायन्सच्या नादाला लावू नका, आधी सहा महिने पाया करूया. त्यांना राग आला. पोरगं पास झालं, सायन्सला गेलं आणि दिवाळीत परत आमच्याकडे आलं, आता सहावीचं पुस्तक घेऊन बसतंय माझ्यासमोर, कोणाला सांगू नका म्हणतंय.

अजून एक हट्ट असतो, त्याच शाळेचे सर घरी पाठवा, म्हणजे पेपर कळेल. नाही पाठवत. शाळेच्या शिक्षकांना खासगी ट्युशन घ्यायला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, आणि बंदी नसती तरी जे सकाळी वर्गात शिकवायचं ते संध्याकाळी पैसे घेऊन शिकवणं मला पटत नाही. घरी जाऊन शिकवणाऱ्यांना सांगितलंय, हॉलमध्ये बसायचं, दार उघडं, घरात मोठं माणूस पाहिजे, नसेल तर तास नाही, पैसे कापणार नाही.

आज आम्ही अकराजण आहोत. सात बायका, चार पुरुष, त्यातले दोघं आमचेच जुने विद्यार्थी. धंदा म्हणून बघाल तर सगळ्यांना देऊन, लाइट बिल जाऊन माझ्या हातात एका बऱ्या नोकरीएवढं राहतं, उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, आमच्या यांना मिळतं त्याच्यापेक्षा थोडं कमीच. पीयूसीला जाणाऱ्या मराठी मीडियमच्या पोरांसाठी एप्रिल-मेमध्ये दीड महिना फक्त शब्दांचा क्लास घेते, कर्ण-हायपोटेन्यूज, त्वरण-अ‍ॅक्सिलरेशन, घनता-डेन्सिटी, असा, त्याची फी घेत नाही, ते माझं जुनं भांडण आहे. बोल्ट मात्र अजून फरशीतच आहेत. दोन वर्षांपूर्वी ग्राइंडर लावून कापूया म्हटलं तर सासरे म्हणाले, असुदेत, परत माग बसवायला लागला तर.

जूनची नवीन बॅच सुरू होतेय. पोराला घेऊन येताना मार्कशीट नाही आणली तरी चालेल, गेल्या वर्षीची गणिताची वही आणा. कव्हर घालू नका, मागची कच्ची पानं फाडू नका, आणि आदल्या रात्री बसून पोराला खाडाखोड स्वच्छ करायला लावू नका. संध्याकाळी साडेपाचनंतर या, त्याआधी शेजारचे माग चालू असतात, काय ऐकायला येत नाही.