सगळ्यांना एकच मेसेज पाठवणं बंद केलं, त्याचा अनुभव

आमच्या संस्थेच्या प्रचाराचं काम माझ्याकडे आलं तेव्हा पद्धत एकच होती, जे असेल ते सगळ्यांना पाठवायचं. व्याख्यान असो, कार्यशाळा असो, वर्गणीची आठवण असो, सगळ्या यादीला तोच मेल आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवर. कित्येक वर्षांच्या जुन्या सभासदालाही 'आमची ओळख करून घ्या' असला मेल जायचा, ते मला फार लागायचं.

म्हणून एक छोटा फॉर्म केला. कशाबद्दल कळवू, कुठे कळवू आणि किती वेळा कळवू, एवढंच विचारलं. जन्मतारीख, नोकरी वगैरे मुद्दाम नाही विचारलं, कारण जी माहिती वापरणारच नाही ती गोळा कशाला करायची? कमिटीत काहींना तिसरा प्रश्न उगाच वाटत होता पण सगळ्यात कामाला तोच आला. बऱ्याच जणांना विषयांचा कंटाळा नव्हताच, मेसेजच्या संख्येचा होता. महिन्यातून एकदा सगळं एकत्र पाठवा आणि तारीख बदलली किंवा कार्यक्रम रद्द झाला तरच मधे कळवा, असं त्यांचं म्हणणं.

पण फॉर्म भरतात कोण, तर जे आधीच नेहमी येतात ते. जे गप्प असतात त्यांचं काय हे फॉर्मवरून कधीच कळत नाही, त्यामुळे मी आणि अजून एक ताई अशा लोकांना फोन करायला बसलो, आणि खरं सांगते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता. कोणाचं बाळ लहान, कोणाची शिफ्ट बदललेली, संध्याकाळी यायला जमतच नाही, पण रेकॉर्डिंग मिळालं तर हवंय. आम्ही यांना 'इंटरेस्ट नाही' म्हणून सोडून दिलं असतं! त्यांची वेगळी यादी केली, तिला आमंत्रणाऐवजी रेकॉर्डिंगची लिंक जाते.

अजून एक, लोक फॉर्ममधे टिक करतात ते आणि प्रत्यक्षात येतात ते नेहमी जुळत नाही. हजेरीचं रजिस्टर शेजारी ठेवून बघा. जुळलं नाही तर आपणच ठरवून मोकळं न होता परत विचारावं असं माझं मत आहे. मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर तर मी आता विसंबतच नाही, कारण २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमधे प्रायव्हसीची सोय आलीये, ती चालू असेल तर माणसाने मेल वाचला नाही तरी तो उघडल्यासारखा मोजला जातो. क्लिक, उत्तरं आणि हजेरी बघते.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट (ग्रुप न करता एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) वापरत असाल तर एका लिस्टमधे २५६ जणच बसतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. नवीन सभासदाला पहिल्याच दिवशी नंबर सेव्ह करायला सांगायचं.

मेल बंद करायची लिंक अगदी ठळक ठेवली आणि तिथेच 'कमी पाठवा' हाही पर्याय दिला. जीमेल आणि याहूने २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर प्रचाराचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमधे बंद करायची सोय सक्तीची केलीये, जीमेलसाठी मोठं म्हणजे दिवसाला ५००० च्या आसपास मेल. आपण तेवढे मोठे नसलो तरी ही सोय करावीच, कारण बाहेर पडायचा रस्ता सापडला नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो आणि मग ज्यांना आपले मेल हवे आहेत त्यांचेही स्पॅममधे जायला लागतात.

फक्त सर्वसाधारण सभेची नोटीस आवडीनिवडी न बघता प्रत्येकाला गेलीच पाहिजे, तो सभासदाचा हक्क आहे. तिची यादी प्रचाराच्या यादीपासून पूर्ण वेगळी ठेवलीये, म्हणजे कोणी प्रचाराचे मेल बंद केले तरी नोटीस त्याला मिळते.