जांभ्याची भिंत टेरॅरियममध्ये: बाइंडर ठरला, खरं तर दोन ठरले

मागच्या नोंदीपर्यंत टेरॅरियमसाठी, म्हणजे झाडं लावायच्या बंद काचेच्या टाकीसाठी, थर्मोकोलचा सांगाडा कोरून झाला होता. टाकी दीड फूट रुंद, तेवढीच उंच. मागची भिंत कोकणातल्या जुन्या गडग्यासारखी (दगडी कुंपणासारखी) करायची आहे: चिऱ्यांमधले वेडेवाकडे सांधे, जांभ्याची भोकं, आणि पावसात तिथे चढतात तसं मॉस नि बारकी नेची. जांभ्याची भुकटी चाळून तयार आहे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुऊन वाळवलंय. हे सगळं थर्मोकोलवर धरून काय ठेवणार, एवढंच बाकी होतं.

या विषयावर पहिला प्रश्न नेहमी 'सगळ्यात पक्कं काय?' असा येतो. मला तो अर्धवट वाटतो. बंद टाकीतली भिंत कायम ओली असते, आणि तिच्यावर मुळं धरायला हवीत. बाइंडरने कण धरावेत, पण कणांमधली भोकं बुजवू नयेत. इपॉक्सीत (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेत) बुडवलेली जांभ्याची भुकटी दिसायला जांभा, वागायला बाथरूमची टाइल.

म्हणून थर्मोकोलचे तळहाताएवढे तुकडे घेतले, प्रत्येकावर वेगळं लेपन केलं आणि तळाशी ओलं कोकोपीट असलेल्या झाकणाच्या डब्यात उभे करून ठेवले. पूर्ण वाळलेला तुकडा टेबलावर ठोकून बघण्यात अर्थ नाही, तिथे सगळेच पास होतात.

पांढरा गोंद

सुतारकामाचा साधा पीव्हीए गोंद आणि कोकोपीट हे सगळ्यात स्वस्त आणि हाताळायला सोपं. वाळल्यावर दगडासारखं लागतं. डब्यात मात्र हळूहळू मऊ पडलं, वर दुधाळ छटा आली आणि नखाने खरवडलं की लगदा निघू लागला. पीव्हीए वाळतो तो पाणी उडून जाऊन, त्यामुळे पाणी परत मिळालं की तो फुगतो. वॉटरप्रूफ गोंद बराच बरा टिकला. पण गोंदाच्या डब्यावर 'डी३' लिहिलेलं दिसलं तर लक्षात घ्या, तो दर्जा लाकडाच्या सांध्यांसाठी आहे, आणि तोही अधूनमधून ओल लागेल इतपतच. कायम भिजलेल्या भिंतीची हमी त्यात नाही. जिथे पाणी फवारायचं नाही अशा कोरड्या वाळवंटी सेटअपला मी हा गोंद बिनधास्त वापरेन.

सिमेंट

दगडाचा पोत यात जेवढा खरा येतो तेवढा कशातच येत नाही, म्हणून मोह होतोच. पांढरं सिमेंट, जांभ्याची भुकटी आणि पाण्याऐवजी थोडं एसबीआर लेटेक्स (वॉटरप्रूफिंगवाल्यांकडे मिळतं ते) असे पातळ थर दिले की थर्मोकोलवर सहसा तडकत नाही. अडचण वेगळीच आहे. ओल्या सिमेंटचा पीएच १२-१३ च्या घरात असतो आणि जांभा मुळात आम्लधर्मी. चुनखडीवर आनंदाने वाढणारी मॉसही असतात, पण मला हवीत ती नव्हेत. पाण्यात पुन्हापुन्हा भिजवून पाणी ओतून दिलं की पीएच उतरतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही पृष्ठभाग हळूहळू निवळतो, पण तोवर लोणा लागून लाल भिंतीवर पांढरे ओघळ उतरतात. माझ्या तुकड्यावर ते दिसलेच. आणखी एक: व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही, कारण त्यातून सुटणारं आम्ल अल्कधर्मी पृष्ठभागाशी भांडतं. सिमेंट करणार असाल तर न्यूट्रल सिलिकॉन घ्या.

एका मित्राने जुन्या वाड्यांसारखा चुना, गूळ आणि बेलफळाचा गर सुचवला. कल्पना सुरेख, पण चुनाही अल्कधर्मीच, आणि बंद ओल्या टाकीत गूळ म्हणजे बुरशीला आमंत्रण.

सिलिकॉन

आपल्याकडचा नेहमीचा रस्ता, आणि उगाच नाही. थर्मोकोलला ते विरघळवत नाही (सॉल्व्हंट असलेले रबरी गोंद विरघळवतात, जपून), आणि पाण्याचं त्याला काही वाटत नाही. बुरशीरोधक, बाथरूमसाठीचं सिलिकॉन मात्र टाळा. त्यातलं औषध टाकीत नको. तपकिरी किंवा काळं घ्या, म्हणजे मध्ये उघडं राहिलं तरी डोळ्यांत खुपत नाही. थर हाताच्या पंजाएवढ्याच भागावर पसरायचा, लगेच कोरडी भुकटी दाबायची, मग पुढे सरकायचं. वरची साय धरली की भुकटी चिकटत नाही.

सिलिकॉन हवेतली ओल घेऊन बाहेरून आत पिकतं, साधारण दिवसाला २ ते ३ मिलिमीटर. त्यामुळे काचेला थर्मोकोल चिकटवताना मागे सलग थर थापू नका. एकीकडे काच, दुसरीकडे थर्मोकोल, मधल्या सिलिकॉनला हवा मिळणार कुठून? ते कितीतरी दिवस ओलंच राहतं आणि वास जात नाही. उभ्या पट्ट्या ओढा, मध्ये फटी ठेवा.

सिलिकॉनचा दोष एकच, पण माझ्यासाठी मोठा: धरतो तो कणांचा एकच थर. त्या थराखाली रबर. मॉस वर ठेवलं तर राहतं, पण मुळं खोल जायला जागाच नाही.

माती

इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. आधी घरात पडलेली शाडू घेतली, निव्वळ कुतूहल म्हणून. पाण्यात विरघळावी म्हणूनच जिची मूर्ती करतात, ती फवाऱ्याखाली टिकेल कशी? खाली बसली. बेंटोनाइट या चिकणमातीचं वेगळं आहे. तिच्या कणांचे पापुद्रे पाणी आत ओढून फुगतात आणि चिकट राहतात. म्हणजे हा बाइंडर वाळून नव्हे, ओला राहूनच काम करतो, आणि आपल्या टाकीत ओल तर फुकट आहे. कच्छमध्ये बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आहेत, त्यामुळे आपल्याकडे ती दुर्मीळ नाही. अर्थिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातही मिळते, फक्त मीठ किंवा ग्रॅफाइट मिसळलेलं तयार मिश्रण नको, साधी पावडर मागा.

माझं मिश्रण: एक वाटी बेंटोनाइट, दोन वाट्या कोकोपीट, मूठभर कातरलेलं स्फॅग्नम (पाणी धरून ठेवणारं मॉस), अर्धी वाटी जांभ्याची भुकटी. आधी सगळं कोरडंच ढवळायचं, मग पाणी थोडं थोडं. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. मुठीत दाबल्यावर बोटांमधून बाहेर येईल पण ओघळणार नाही, इतपत. उभ्या गुळगुळीत थर्मोकोलवरून हे घसरतं, म्हणून खाली सिलिकॉनने प्लास्टिकची जाळी बसवली. लोखंडी जाळी गंजते. टाकी उघडी राहून भिंत वाळली तर माती आकसून तडे जातात, त्यामुळे गावाला जाताना झाकण लावायला विसरणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता भिंत अशी

चिऱ्यांचे दर्शनी भाग सिलिकॉन आणि भुकटीचे. ते कोरडे दिसले तरी चालतात, खऱ्या गडग्यावरही उन्हाची बाजू तशीच असते. सांधे आणि मोठी भोकं मातीच्या मिश्रणाने भरली आहेत, सगळी लागवड तिथेच. सिलिकॉन पूर्ण पिकून वास गेल्यावरच माती भरली. मॉस नर्सरीतलं आणि सोसायटीच्या कंपाउंडवरचं. अभयारण्यातून काहीही उचलू नका, हे पुन्हा सांगतो. स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे बारीक किडे) सोडले आहेत, स्फॅग्नमवर आलेली पांढरी बुरशी त्यांनी बरीच खाल्ली.

उजव्या कोपऱ्यातून बारीक धार सोडायची आहे. वाहत्या पाण्याखाली बेंटोनाइट धुऊन जाणार, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात इपॉक्सीवर जाड भुकटी दाबणार आहे. तिथे झाड लावायचंच नाही, म्हणून टाइल झाली तरी चालेल. कोणी धारेखाली न्यूट्रल सिलिकॉन वापरून पाहिलं असेल तर भुकटी किती टिकली ते कळवा, इपॉक्सीचा डबा अजून फोडलेला नाही.