बुडातलं डिझेल

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आम्हा इंजिनवाल्या मेस्त्र्यांना जेवायला फुरसत उरत नाही. दोन महिने शाकारून ठेवलेल्या बोटी सगळ्या मालकांना एकाच आठवड्यात पाण्यात हव्या असतात. ज्या बोटीचं इंजिन मी उघडून भरतो, तिच्या पहिल्या फेरीला शक्यतो मी स्वतः जातो. जेटीला बांधलेल्या बोटीत इंजिन चालवून काही कळत नाही. जाळं मागे ओढत असताना, लाटेवर बोट आपटत असताना जे ढिलं व्हायचं ते होतं.

त्या रात्री आम्ही वीसेक वाव खोल पाण्यावर होतो. ऑगस्टचा समुद्र, वारा पश्चिमेचा, पाऊस थांबून थांबून. एकदा जाळं ओढून झालं होतं, खलाशी मासळी निवडत होते. इंजिनाचा आवाज एकसारखा, धूर स्वच्छ, प्रेशर बरोबर. तेवढ्यात तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, वरून हाक मारली.

"ओ मेस्त्री, मागं या वाईच. पाण्यावर तवंग दिसतोय."

मागच्या दिव्याच्या उजेडात पाण्यावर निळ्या-जांभळ्या रंगाचा पट्टा पसरत चालला होता. बोटीच्या बुडात पाणी साचलं की ऑटोमॅटिक पंप आपोआप सुरू होतो, आणि तोच पंप पाण्याबरोबर डिझेल बाहेर फेकत होता. म्हणजे आत बराच वेळ गळत होतं. मी आधी पंपाचा स्विच पाडला. मग इंजिन बंद करायला सांगितलं. तांडेल नाखूश झाला. पश्चिमेचा वारा बोट किनाऱ्याकडे ढकलतो, अशा वेळी इंजिन बंद ठेवणं कुणालाच नको असतं. पण त्याने वाद घातला नाही. नांगर टाकला, जवळच्या दोन बोटींना वायरलेसवर कळवलं आणि खाली चाललेला भाताचा गॅस बंद करायला लावला.

डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, या भरवशावर आपल्याकडे फार माणसं निर्धास्त असतात. पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या गरमीला त्याची वाफ ज्योतीने पेट घेते तो आकडा, किमान ३५ अंश असावा, एवढंच आपलं मानक सांगतं. ट्रॉलरच्या इंजिनखोलीत तेवढी गरमी रोजचीच. आणि सांडलेल्या डिझेलपेक्षा बारीक फवारा वाईट. तो इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडला की पेटायला ठिणगीसुद्धा लागत नाही. आग लागलेल्या लाकडी बोटीवरून पळायला जागा कुठे असते?

फळ्या उचलल्या तर बुडातल्या पाण्यावर बोटभर जाडीचा डिझेलचा थर डुलत होता. वासाने डोकं धरलं. बरोबरचा नेपाळी खलाशी पोरगा उत्साही होता. बॅटरी घेऊन तो माझ्या आधी खाली उतरला आणि ओलं कुठे लागतंय ते बघायला इंजिनाच्या डिझेल पंपाकडून आत फवारा मारणाऱ्या नोजलकडे जाणाऱ्या पाइपांवरून तळहात फिरवायला लागला. मी त्याचं मनगट धरून मागे ओढलं. "हाथ मत लगा!" असा ओरडलो की वरचे दोघे धावत आले. इंजिन बंद होतं, त्या क्षणी त्याला काही झालं नसतं. पण ही सवय एकदा लागली की चालू इंजिनावरही हात तसाच जातो. नोजल उघडायला दोनशे किलोच्या आसपास प्रेशर लागतं. पाइपाला केसाएवढी चीर असली तर तिथून निघणारी धार दिसतही नाही, आणि ती कातडीतून थेट आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखी खूण, आत डिझेल. दुखत नाही म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो आणि नंतर हाताचं बोट कापायची वेळ येते. असं झालं तर तासही न घालवता सर्जनकडे जायचं. तपासायचंच असेल तर पुठ्ठा फिरवावा. हे मी त्याला तिथेच उभं करून सांगितलं, इंजिनाचं काम थांबवून.

मग गळती. सगळ्यात ओला दिसत होता तो फिल्टर. तांडेल म्हणाला, "फिल्टरच असणार, आवळून टाका." पण फिल्टर पुसून कोरडा केला तर तो कोरडाच राहिला. त्याच्यावर कुठूनतरी उडत होतं. टाकीचा कॉक उघडाच होता, टाकी इंजिनापेक्षा उंचावर, तरी इंजिन बंद होताच ठिबक थांबली होती. टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंत कुठे भोक असतं तर बंद इंजिनातही डिझेल उताराने गळत राहिलं असतं. शिवाय चालू असताना त्याच भोकातून हवा ओढली जाऊन इंजिन अडखळलं असतं. ते तर शेवटपर्यंत छान चाललं होतं. म्हणजे राहिले दोन: नोजलचे पाइप, नाहीतर परतीचा पाइप. इंजिनाला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल फीड पंप पुढे ढकलतो आणि उरलेलं रिटर्नने टाकीच्या वरच्या तोंडातून परत जातं. तो पाइप फुटला तर इंजिनाला पत्ताही लागत नाही.

खात्री करायला रिटर्न पंपापाशीच सोडवून एका स्वच्छ कॅनमध्ये सोडला आणि मिनिटभर इंजिन चालवलं. नोजलच्या पाइपांसमोर पुठ्ठा धरला, तो कोरडा. खाली ठिबक नाही. कॅनमध्ये मात्र चांगली धार.

मग पाइप चाचपत मागे गेलो. बॅटऱ्यांच्या पेटीमागून तो जातो तिथे एका बोल्टची टोकदार आटी पाइपाला टेकली होती. इंजिनाच्या थरथरीने तिने रबर खात खात नखाएवढी खाच पाडली होती. वरून बघणाऱ्याला ती जागा दिसणारच नाही. टेप गुंडाळायचा आग्रह झाला, पण डिझेलपुढे टेप टिकत नाही. खराब तुकडा कापला, मध्ये तांब्याच्या नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंना दोन-दोन क्लिपा आवळल्या आणि बोल्टवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधली. परतीची लाइन असल्याने एअर काढत बसावं लागलं नाही.

खरा वाद त्यानंतर झाला. बुडातलं सगळं आता पंपाने बाहेर काढावं, अंधारात कोण बघतंय, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याने कपडे धुवायची पावडर आणली. ती टाकली की तवंग दिसत नाही, हे खरं आहे. दिसत नाही कारण डिझेलचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खोलवर मिसळतं, अंड्यांना-पिल्लांना तिथेच गाठतं. मी पावडर परत पाठवली. तांडेलाला म्हटलं, "दादा, २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईबाहेर चित्रा नि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आपटली तेव्हा काय झालं, आठवतंय ना?" तेल सांडलं होतं जहाजांचं, आणि लोक मासळी घ्यायला घाबरले. भोगलं कोळ्यांनी. आमचं चाळीसेक लिटर त्यापुढे काहीच नाही, हे मला कळतं. पण आमच्या बंदरात शेकडो बोटी आहेत आणि प्रत्येकाचं असंच थोडं असतं. मला याचा खरोखर राग येतो.

तांडेल थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ड्रम काढा रे."

डिझेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे आधी वरचा थर डब्याने अलगद उचलून ड्रममध्ये घेतला. तेलकट पाणी दुसऱ्या ड्रममध्ये. शेवटची चिकट साय जुन्या चादरींनी टिपली आणि त्या चादरी प्लास्टिकच्या गोणीत भरल्या. पंख्याचा शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थोडं थोडं पाणी येतच असतं, म्हणून पंप फार वेळ बंद ठेवून चालणार नव्हतं. बूड पुसून झाल्यावर पहिला उपसा बादलीत घेतला, वर तवंग नाही हे बघितलं, आणि मगच स्विच चालू केला. बर्फाचा खणही तपासला. मधली फळी घट्ट होती, मासळीला वास लागला नव्हता.

सकाळी जेटीला लागलो. तेलकट पाण्याचा ड्रम आणि चादरींची गोणी जुनं तेल नेणाऱ्याकडे दिली. वरचं डिझेल निवळून पार्ट धुवायला ठेवलं. पाणी लागलेलं डिझेल पुन्हा टाकीत घालू नये, पंप आणि नोजल दोन्ही जातात. मालकाने बोटीतले सगळे रबरी पाइप नवे घालायला सांगितले, ते दुपारपर्यंत घालून झाले. शेजारच्या बोटीचा तांडेल बघत उभा होता. त्याने मला आपल्या बोटीत उतरवून बॅटरीच्या पेटीमागे हात घालायला लावला. तिथलाही पाइप फळीला घासून पातळ झाला होता. तोही बदलला.